पोलिसांच्या अपघात नोंदीचं ॲप बनवतोय, फॉर्ममध्ये नक्की काय विचारायचं आणि काय नाही?

कोरा_फॉर्म

नमस्कार मंडळी, एम.टेक.चा शेवटचा प्रोजेक्ट चालू आहे, विषय आहे रस्ते अपघाताची पोलिस नोंद मोबाईलवर कशी सुधारता येईल. आपल्याकडे अपघात नोंदीसाठी सरकारचं आयरॅड आणि आता ई-डार आहे हे माहितीये (आयरॅड आयआयटी मद्रास आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं, २०२१ मध्ये सुरुवातीला सहा राज्यांत आलं त्यात महाराष्ट्र पण होता), त्यामुळे चाक नव्याने शोधायचं नाहीये, पण फॉर्म कसा असावा यावर काहीतरी करून दाखवायचंय.

गाईडने नावं, नंबर वगैरे काढून टाकलेल्या जुन्या नोंदींची एक मोठी एक्सेल फाईल दिली आणि म्हणाले आधी ही आठवडाभर नुसती बघ. बघितली आणि डोकं गरगरलं. अपघाताच्या वेळा बघाव्यात तर सगळ्या १०:००, १०:३०, ११:००, जणू लोक घड्याळ बघून धडकतात. कारणाच्या रकान्यात जवळपास सगळीकडे अतिवेग. जीपीएसचे बिंदू नकाशावर टाकले तर ढीगभर बिंदू एकाच इमारतीवर येतात, ती इमारत म्हणजे पोलिस ठाणं हे नंतर कळलं. आणि काही अपघात तर आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात झालेत, कारण अक्षांश शून्य रेखांश शून्य.

माझा प्लॅन असा होता की फॉर्ममध्ये अजून चाळीसेक रकाने वाढवायचे (लेन किती, डांबर की काँक्रीट, उजेड किती, हेल्मेट, सीटबेल्ट, मोबाईल, झोप, सगळं), फोटोवरून एआयने वाहनाचा प्रकार ओळखायचा, आणि वरती एक झकास डॅशबोर्ड. आता वाटायला लागलंय की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून विचारतोय, ही गडबड सॉफ्टवेअरची आहे की भरणाऱ्याची? ज्यांनी स्वतः अशा नोंदी केल्यात किंवा वापरल्यात त्यांनी सांगा. टोमणे पण चालतील.

---

निवृत्त_अंमलदार

टोमणा नाही मारत, पण चाळीस रकाने वाचून हसू आलं हे कबूल करतो. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच हायवेला लागून असलेल्या ठाण्यांत. तुला एक रात्र सांगतो म्हणजे तुझी एक्सेल आपोआप उलगडेल.

रात्री दीड-दोनला फोन येतो, ट्रक आणि मोटरसायकल. आम्ही दोघं जातो. पहिलं काम जखमीला गाडीत घालणं, दुसरं काम मागून येणाऱ्या गाड्या थांबवणं कारण वळणावर अंधारात उभं राहिलास तर तूच पुढचा आकडा, तिसरं काम जमलेली गर्दी, कुणीतरी ट्रकवाल्याला मारायच्या तयारीत असतो. मग रस्ता मोकळा करायचा. मग दोन पंच शोधायचे, रात्री दोनला पंच कोण होतो ते तूच सांग. घटनास्थळ पंचनामा, कच्चा नकाशा, टेप लावून मापं. मग दवाखान्यात जाऊन जबाब मिळतो का बघायचं, नातेवाईकांना फोन. पहाटे ठाण्यात येऊन स्टेशन डायरी, गुन्हा दाखल, तो कॉम्प्युटरवर. मग तीच माहिती ॲपवर. मग महिनाअखेरीला तीच माहिती तक्त्यात वरती पाठवायची. म्हणजे एक अपघात चार वेळा लिहायचा, आणि चौथ्या वेळी माणूस काय लिहील?

वेळेचं म्हणशील तर पोलिसाकडे तीन वेळा असतात, घडल्याची, आम्हाला कळल्याची आणि नोंद केल्याची. घडल्याची वेळ नक्की कुणालाच माहीत नसते, फिर्यादी म्हणतो साधारण दहाच्या सुमारास, झाले तुझे १०:००. तुझ्या फाईलीत एकच रकाना असेल तर कोणी कुठली टाकलीय ते देवालाच ठाऊक.

जीपीएसचं अगदी सोपं आहे. घटनास्थळी रेंज नाही, हात मोकळे नाहीत, फोन १२ टक्क्यांवर. ॲप भरलं ठाण्यात खुर्चीत बसून. आता ॲप फोनला विचारतं तू कुठायस, फोन खरं सांगतो, ठाण्यात. खोटं कोणीच बोललं नाही, तरी नोंद खोटी झाली.

आणि अतिवेग! याचं मूळ तुला सांगतो. मराठीतली अपघाताची फिर्याद वाचलीयस कधी? त्यात एक वाक्य असतंच, आरोपीने त्याचे ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून. हे वाक्य कलमासाठी असतं, पूर्वी दंड संहितेत २७९ आणि ३०४ अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २८१ आणि १०६ झालं. निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय गुन्हा उभा राहत नाही. मग तोच अंमलदार ॲप उघडतो, कारण निवडा म्हणतं, यादीत वरतीच अतिवेग. फिर्यादीत भरधाव लिहिलंय आणि ॲपवर रस्त्याला खड्डा होता असं टाकलं तर उद्या कोर्टात आरोपीचा वकील तेच काढून दाखवणार. कोण घेईल ते अंगावर?

---

आकडेबाज

वरचा शेवटचा परिच्छेद प्रिंट काढून तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लाव रे. मी ही आकडेवारी वापरणाऱ्यांपैकी आहे, आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात अतिवेगाचा वाटा ७० टक्क्यांच्या वर आहे हे दरवेळी प्रेझेंटेशनमध्ये दाखवताना मला स्वतःला खाली बघावं लागतं, कारण त्यातल्या किती ठिकाणी वेग कोणी मोजला होता? वेग घातक असतो यात वादच नाही, धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे शाळेतलं आहे, पण हा आकडा वेगाबद्दल कमी आणि फिर्यादीच्या भाषेबद्दल जास्त सांगतो असं माझं मत.

मुद्दा असा की पोलिसाकडून निरीक्षण मागायचं, निकाल मागायचा नाही. ब्रेकच्या खुणा आहेत का, असल्या तर किती मीटर, गाडी कुठल्या बाजूला किती चेपलीय, थांबली कुठे, रस्ता ओला होता का, दिवे चालू होते का. हे दिसतं, मोजता येतं. "कारण काय" हे दिसत नाही, ते मत आहे.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ब्रिटनचं. तिथे अपघात नोंदीची स्टॅट्स१९ नावाची पद्धत १९४९ पासून चालू आहे. पूर्वी पोलिस स्वतःच ठरवायचा जखमी किरकोळ की गंभीर. नंतर त्यांच्या बऱ्याच पोलिस दलांनी क्रॅश नावाची नवी सिस्टिम घेतली, तिच्यात हा प्रश्नच काढून टाकला, पोलिसाने फक्त जखम काय ते निवडायचं (हाड मोडलं, खोल जखम, मुरगळा असं) आणि गंभीर की किरकोळ ते सॉफ्टवेअर ठरवणार. झालं काय, तर ज्या भागांनी सिस्टिम बदलली तिथे गंभीर जखमींचा आकडा उसळला. रस्ते एका रात्रीत धोकादायक झाले नव्हते, आधी मोजणं कमी होत होतं. मग त्यांच्या सांख्यिकीवाल्यांना जुने आकडे नव्या मापात बसवून वेगळे छापावे लागले, आजही मालिका बघताना ते लक्षात ठेवावं लागतं.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट घाल जी कोणीच घालत नाही, नवी पद्धत कुठल्या तारखेपासून आली त्याची खूण प्रत्येक नोंदीवर. फॉर्मची आवृत्ती. नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी आलेख काढणार, त्यात चढ दिसणार आणि बिचाऱ्या त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला जाब विचारला जाणार, आणि पुढच्या वर्षी तो शहाणा होऊन कमी नोंदवणार.

आपल्याकडे तर ही उडी कायद्यानेच घातलीये. जबर दुखापतीच्या व्याख्येत आठवा मुद्दा आहे, इतके दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं करता न येणं. दंड संहितेत ते २० दिवस होते, न्याय संहितेच्या ११६ मध्ये १५ झाले. आणि त्याच व्याख्येत दात तुटला तरी जबर दुखापत. म्हणजे दात तुटलेला आणि कवटी फुटलेला एकाच खान्यात. युरोपियन युनियनने २०१४ च्या आकड्यांपासून गंभीरची व्याख्या डॉक्टरी मोजपट्टीवर नेली, एआयएस म्हणून आहे १ ते ६, त्यात ३ किंवा जास्त असेल तर गंभीर. ते पोलिसाला घटनास्थळी कळूच शकत नाही, दवाखान्यातूनच यावं लागतं.

---

कोरा_फॉर्म

काका, आकडेबाज दादा, दोघांचेही आभार, मी चाळीस रकाने आत्ताच खोडले. (बरं, पंचवीस खोडले.)

दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. २०२१ साठी मंत्रालयाचा मृत्यूंचा आकडा १,५३,९७२ आहे, एनसीआरबीचा (गुन्ह्यांची देशभरची आकडेवारी ठेवणारी केंद्राची संस्था) त्याच वर्षाचा १,५५,६२२. दोन्ही पोलिसांकडूनच येतात ना? मग वेगळे कसे? आणि जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा भारतासाठीचा अंदाज तर दोन लाख सोळा हजारांच्या आसपास आहे. साठ हजार माणसं कुठे गेली मधल्यामध्ये?

---

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत काम करते, साठ हजारांचा हिशोब मी देऊ शकत नाही, पण माणसं कागदावरून कशी गळतात ते रोज बघते.

एक, माणूस बारा दिवस आयसीयूत असतो आणि तेराव्या दिवशी जातो. आंतरराष्ट्रीय संकेत असा की अपघातानंतर ३० दिवसांच्या आत गेला तर तो रस्त्यावरचा मृत्यू. आमच्याकडून पोलिसांना कळवलं जातं, पण पेशंट तोवर तीन हॉस्पिटलं फिरलेला असतो, शेवटचं हॉस्पिटल दुसऱ्याच जिल्ह्यात असतं, तिथल्या चौकीला कळतं, तिथून मूळ ठाण्याला कागद जातो. गेला तर. आणि मूळ ठाण्यात केसमध्ये कलम वाढवलं तरी ॲपवरची नोंद कोणी उघडून बदलतं का? अंमलदार काका सांगतील.

दोन, जे पोलिसांपर्यंत जातच नाहीत. सायकलवरून स्वतःच पडलेला, स्कूटर घसरून पडलेली बाई, मागे बसलेली आजी स्पीडब्रेकरवर उडून पडली. समोर कोणी आरोपीच नाही तर फिर्याद कोणाविरुद्ध? नातेवाईक आम्हाला हात जोडून सांगतात मॅडम घरात पडला असं लिहा, पोलिसांचं लचांड नको. कारण चालवणारा मुलगाच असतो ना, आईसाठी स्वतःवर केस कोण करून घेईल. एकट्याने पडलेले सायकलवाले पोलिसांच्या आकड्यात जवळपास दिसतच नाहीत ही तर जगभरची रड आहे, श्रीमंत देशांतही.

तीन, आमचाही दोष आहे तो सांगते. आजारांचं जे आयसीडी-१० वर्गीकरण आहे त्यात वाहतूक अपघातांसाठी व्ही०१ ते व्ही९९ असे कोड आहेत, चालणारा होता की सायकलवर, समोर काय होतं, चालवत होता की मागे बसलेला, सगळं त्यात बसतं. पण रात्री तीनला आम्ही लिहितो फक्त आरटीए, म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट. पुढे कोड देणाऱ्याला त्यातून काही कळत नाही, तो व्ही८९ टाकून मोकळा, म्हणजे "कुठल्यातरी वाहनाचा अपघात". तुमचा अतिवेग तसा आमचा व्ही८९.

यावर स्वीडनने जे केलंय ते मला पटतं. त्यांचं स्ट्राडा नावाचं आहे, त्यात पोलिस त्यांची बाजू भरतात, दवाखाना स्वतःची, आणि दोन्ही जोडतात. पोलिसांना रस्ता माहीत असतो, आम्हाला शरीर. ज्यांची नुसती दवाखान्याची नोंद आहे आणि पोलिसांची नाही ते पण मोजले जातात. तुझ्या प्रोजेक्टमध्ये नाव-आधार न वापरता जोडणी करून दाखवता आली तर बघ, तारीख, वय, लिंग, कशावर होता, कुठल्या तालुक्यातून आणला एवढ्यावरून बऱ्याच जोड्या लागतात, शंभर टक्के नाही लागणार. पण कृपा करून पेशंटचे रिपोर्ट पोलिसांच्या ॲपवर उघडे टाकू नकोस. रक्तातल्या दारूचा आकडा कोण बघू शकतं यावर आधी विचार कर, मग कोड लिही.

---

सहज_वाचणारा

एवढा काथ्याकूट कशाला, आता गाड्यांमध्येच ब्लॅक बॉक्स येतो ना. युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना कंपल्सरी आहे. गाडीच सांगेल वेग किती होता, पोलिसाला विचारायचंच कशाला. आणि सगळीकडे कॅमेरे आहेत.

---

आकडेबाज

@सहज_वाचणारा, येतो, युरोपात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलला आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला. शेवटच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक, सीटबेल्ट असं साठवतो. चांगलीच गोष्ट आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या पंधरा-वीस वर्षं चालणार, आणि आपल्याकडे मरणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट दुचाकीचा, त्यानंतर पायी चालणारे. पायी चालणाऱ्याला ब्लॅक बॉक्स कुठे बसवणार?

@कोरा_फॉर्म तुझा एनसीआरबीचा प्रश्न राहिला. दोन वेगळे फॉर्म, दोन वेगळ्या वाटांनी वर जाणारे तक्ते, दोन वेगळ्या कट ऑफ तारखा, एवढं फरक पडायला पुरतं. काकांनी सांगितलं ना एकच अपघात चार वेळा लिहितात, चारही वेळा सारखाच उतरला तर ते नवल. अमेरिकेत यावर उपाय म्हणून निदान मृत्यूंपुरती वेगळी फाईल ठेवलीये, फार्स म्हणतात, १९७५ पासून. प्रत्येक प्राणघातक अपघाताची पोलिस नोंद, मृत्यूचा दाखला, रक्त तपासणी, रस्त्याची फाईल असं सगळं गोळा करून प्रशिक्षित माणूस ती भरतो, पोलिस नाही. बाकी अपघातांसाठी प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा, त्यात निदान रकान्यांचे अर्थ सारखे असावेत म्हणून एमएमयूसीसी नावाची यादी १९९८ मध्ये काढली, तीही ऐच्छिक. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल आहे असं समजू नको.

---

डांबर_खडी

रस्त्यावाल्याची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून मध्ये बोलतो. मला पोलिसांच्या नोंदीतून फक्त तीन गोष्टी हव्या असतात, कुठे, कुठल्या दिशेने, आणि कसं धडकलं. बाकी सगळं नंतर.

कुठे म्हणजे काय, तर आमच्या भाषेत चेनेज, किलोमीटर ४२/३०० असं. पोलिसांच्या नोंदीत असतं मोठ्या वडाच्या झाडाजवळ, अमुक गावच्या शिवारात. रुंदीकरणात वड गेला, आता शोधा. मंत्रालयाची ब्लॅक स्पॉटची व्याख्या आहे, साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा जबर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. आता ठाण्यात बसून नकाशावर बोटाने टाकलेली पिन सहज दोन-तीनशे मीटर इकडेतिकडे जाते. एकाच वळणावरचे सहा अपघात अशाने दोन पट्ट्यांत तीन-तीन विभागले जातात, आणि कुठलाच पट्टा ब्लॅक स्पॉट ठरत नाही. वळण तसंच राहतं. पाचशे मीटरच्या हिशोबात तीनशे मीटरची चूक म्हणजे चूक नव्हे, सगळा खेळच तिथे खलास.

दिशा तर कोणीच टाकत नाही. दुभाजक असलेल्या रस्त्यावर अपघात जाणाऱ्या बाजूला झाला की येणाऱ्या, यावर माझा सगळा उपाय अवलंबून. उतारावरून येणारे धडकत असतील तर मी वेगळं करणार, चढावरचे असतील तर वेगळं.

आणि एक फार महत्त्वाचं, जे तू पंचवीस रकाने खोडलेस त्यातले निम्मे तरी पोलिसाला विचारायचेच नव्हते. लेन किती, दुभाजक आहे का, वळणाची त्रिज्या, काँक्रीट की डांबर, हे सगळं आमच्या दफ्तरात असतं. जागा बरोबर असेल तर ते आपोआप जोडता येतं. वाहनाचं मॉडेल, वय, फिटनेस हे नंबर टाकला की 'वाहन' या सरकारी नोंदणी सिस्टिममधून येतं, लायसन्स 'सारथी' या लायसन्सच्या सिस्टिममधून, ई-डारमध्ये ही जोडणी आहेच. पोलिसाला तेच विचार जे फक्त तोच बघू शकतो आणि जे दोन तासांनी नाहीसं होतं. सांडलेलं तेल, काचांचा सडा कुठे सुरू होतो, बंद पडलेला दिवा, झाडाने झाकलेला बोर्ड, रस्त्यावर आलेली वाळू. सकाळी आम्ही पोचतो तोवर रस्ता धुऊन लख्ख असतो.

---

निवृत्त_अंमलदार

मॅडमनी नाव घेऊन विचारलंय म्हणून उत्तर देतो. कलमवाढ आम्ही करतो, ती करावीच लागते, कोर्टाला रिपोर्ट द्यावा लागतो. ॲपवर गंभीरचं मयत करायचं राहून जातं, हे खरं आहे. कारण कोर्ट विचारतं, ॲप विचारत नाही. ॲपने ३० दिवसांनी स्वतःहून विचारायला हवं, बाबा या जखमीचं काय झालं, आणि उत्तर दिल्याशिवाय नोंद बंदच होऊ नये.

खडीवाले साहेब म्हणतात ते सगळं पंचनाम्यात असतं हो. काचा कुठून कुठवर, ब्रेकची खूण किती फूट, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला, दुभाजकापासून अंतर किती, आम्ही टेप लावून लिहितो. पण ते पानभर सलग लिहिलेलं असतं आणि फाईलीत बांधलं जातं, नुकसानभरपाईच्या क्लेमच्या वकिलाशिवाय ते कोणी वाचत नाही. कोरा फॉर्म, तुला एआयच वापरायचाय ना, मग फोटोतून ट्रक ओळखायला नको, ट्रक मला पण ओळखता येतो. पंचनामा बोलून लिहून घे. मी उभा राहून मराठीत बोलतो, फोनने लिहावं, त्यातली मापं उचलून रकान्यात टाकावीत, आणि मला एकदा दाखवावं बरोबर आहे का. एका बोलण्यात पंचनामा पण झाला आणि ॲप पण. चार वेळा लिहिणं एकावर आलं तर बघ पोरं कशी भरतात.

नाहीतर नुसतं कागदं वाढवणं चाललंय. २०२२ च्या नियमांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत असं ठरवलं, क्लेमच्या कोर्टासाठी. सुप्रीम कोर्टाने पण डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या अंमलबजावणीबद्दल आदेश दिले. हेतू एकदम चांगला, गेलेल्याच्या घरच्यांना वकिलामागे फिरायला लागू नये. पण माणसं तेवढीच आणि फॉर्म नवे.

अजून एक मनात होतं ते बोलतो. पूर्वी आमच्या एका ठाण्याच्या भिंतीवर हद्दीचा नकाशा असायचा, अपघात झाला की टाचणी, मयत असेल तर लाल. ठाणे अंमलदार टाचणी लावल्याशिवाय डायरी मिटायचा नाही. एका वर्षी दुभाजकातल्या एका फटीपाशी एवढ्या लाल टाचण्या झाल्या की आमच्या साहेबांनी पत्रव्यवहार न करता आधी बॅरिकेड आडवी टाकली आणि मग परवानगी मागितली. (बोलणी खाल्ली, पण फट बंद राहिली.) आता माहिती वरती जाते, ढगात, आणि खाली ठाण्यात परत काहीच येत नाही. पोराने वर्षभर भरलेलं कुठे गेलं ते त्याला दिसत नाही. तुझा झकास डॅशबोर्ड दिल्ली-मुंबईसाठी नको करू, ठाण्याच्या भिंतीसाठी कर.

---

सहज_वाचणारा

ठीकय काका, ब्लॅक बॉक्सचं मागे घेतो 🙏 पण एक शंका, बोलून लिहून घेतलेल्या पंचनाम्यावर पंचांची सही कशी घेणार?

---

निवृत्त_अंमलदार

वाचून दाखवायचं, छापायचं, सही घ्यायची. आज पण वाचूनच दाखवतो की. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आलंच आहे, त्यामानाने हे सोपं.

---

कोरा_फॉर्म

मंडळी, दोन दिवस गप्प होतो कारण सगळं परत मांडत होतो. आत्ता जे ठरलंय ते टाकतो, चुकत असेल तर लगेच सांगा.

घटनास्थळी फक्त एक मोठं बटण. दाबलं की जागा आणि वेळ पकडली जाते, रेंज नसली तरी, आणि नोंद अर्धवट म्हणून फोनमध्ये पडून राहते. बाकी ठाण्यात जाऊन भरा, पण पिन हलवायची तर का हलवली ते सांगावं लागेल. शून्य शून्य घेणारच नाही, आणि पिन ठाण्याच्या आवारात पडली तर विचारणार की खरंच अपघात इथेच झाला का. वेळेचे तीन रकाने, आणि घडल्याची वेळ नक्की की अंदाजे हे वेगळं. कारण हा रकाना काढून टाकलाय, त्याच्या जागी दिसलेल्या गोष्टी, आणि कुठलाच पर्याय आधीपासून निवडलेला नाही, "पाहता आलं नाही" हा पर्याय सगळीकडे, म्हणजे कोणाला खोटं लिहायची गरज पडू नये. दिशा बाणाने. जखम निवडायची, गंभीर-किरकोळ नाही. ३० दिवसांची आठवण. फॉर्मची आवृत्ती प्रत्येक नोंदीवर. दवाखान्याची जोडणी मी फक्त बनावट डेटावर करून दाखवणार, मॅडमचं ऐकून खऱ्या डेटाला हात लावत नाहीये.

कारण काढून टाकल्यावर गाईड जरा बिचकले, म्हणाले वरचे लोक अतिवेग किती विचारणारच, तेव्हा काय दाखवशील? मी म्हटलं ब्रेकच्या खुणांची लांबी दाखवेन. ते म्हणाले एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या खुणा नीट उमटतच नाहीत. इथे अडकलोय.

---

डांबर_खडी

गाईड बरोबर बोलतायत, एबीएसमुळे खुणा फिक्या, तुटक पडतात, कधी दिसतही नाहीत. म्हणून खूण नाही म्हणजे ब्रेक मारला नाही असा अर्थ सॉफ्टवेअरने परस्पर काढू नये, एवढं पाळ. गाडी थांबली कुठे आणि चेपली किती यावरूनही अंदाज बांधता येतो, पण तो जाणकाराने बांधायचा, रकान्याने नाही. आणि वेगाचं चित्र हवंच असेल तर अपघाताची वाट कशाला बघायची, त्याच रस्त्यावर कुठल्याही दिवशी रडार लावून उभं राहा, सगळ्यांचा वेग कळतो.

---

निवृत्त_अंमलदार

बटण मोठं म्हणजे किती मोठं? पावसात ओल्या बोटाने दाबून बघ, एका हातात टॉर्च धरून. ते जमलं की मला मेसेज कर, दोन पोरं आहेत अजून नोकरीत, त्यांना दाखवतो. दिवसा नको दाखवू, रात्रपाळीला ये.